कोरी सोडलेली जागा

चारठाण्याच्या बारवेला राणीची बारव म्हणतात.
राणीला मात्र नाव नाही.

सात पुरुष खणलं, सांगतात, तरी खडक कोरडाच.
मग ती भरल्या ओटीनं उतरली.
पहिल्या पायरीला पाणी पैंजणाशी,
पाचवीला गुडघ्याशी,
नवव्या पायरीला कुंकवाशी.
पुढं सांगणारा थांबतो, तंबाखू मळतो.

पंचायतीच्या हॉलसाठी तिचं चित्र हवं होतं.
"नूरोद्दीनभाई, घोडा पाहिजे," उपसरपंच म्हणाले,
"हातात तलवार. डोळे असे, की पोरं दचकली पाहिजेत."

चाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या,
जिंतूर ते सेलू एक किराणा हातचा सुटला नाही.
ऑइलपेंटचा माणूस मी,
चुकलं की वरून दुसरा हात मारायचा.
फ्लेक्स आला,
आणि डब्यांतले रंग साय धरून वाळले.

म्हणून जलरंग.
लेकीच्या शाळेतली उरलेली पेटी,
दोन कागद, एक ब्रश, पेलाभर पाणी,
तेही टँकरच्या वारी मोजून घेतलेलं.

जलरंगात पांढरा लावायचा नसतो
हे मला साठीत कळलं.
उजेड हवा असेल
तर कागदाला हात लावायचा नाही.
पांढरं म्हणजे वाचवलेलं.

पहिल्या कागदावर घोडा काढला.
पाणी जास्त झालं, घोड्याची म्हैस झाली,
म्हशीचा ढग.
तलवार तर आधीच विरघळली होती.
खरं सांगतो, बरं वाटलं.

दुसऱ्या कागदावर आधी बारव:
चुलीमागची काजळी,
शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून,
अगदी तळाला कपड्यांची नीळ.
पायऱ्या ओल्यावर ओल्या सोडल्या,
एकीचा काठ दुसरीत उतरू दिला.
मधे एक जागा ठेवली, बाईच्या उंचीची.
ब्रश तिथं आला की वळायचा,
झोपलेल्या माणसाला वळसा घालावा तसा.

नथ नाही. मुकुट नाही. चेहरा नाही.
खांद्याशी एक लाल थेंब टाकला, कुंकवाचा म्हणून,
तो माझं न ऐकता ओघळला
पायरी पायरीनं,
आणि पदर झाला.

आणि पाय.
पायांना नुसती सावली दिली, निळसर, टाचांमागं.
वाळल्यावर बघतो तर
बोटं माझ्याकडं.
ती उतरत नव्हती.

सावली चुकीच्या बाजूला पडली होती?
पडली असेल.
इथं वरून दुसरा हात मारता येत नाही.

उपसरपंचांनी कागद उभा-आडवा करून पाहिला.
"राणी कुठाय?"
मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.
"आन् तलवार?"
"पाण्यात गेली."
पोरं हसली.
तिसऱ्या दिवशी परभणीहून फ्लेक्स आला:
घोडा, वीज, वाघ,
मागं एक किल्ला, आमच्या गावात नसलेला.

माझा कागद पंपघरात टांगला,
स्टार्टरच्या वर.
तिथं केराबाई झाडायला येते.
मागच्या उन्हाळ्यात बारवेतला गाळ काढणाऱ्यांत ती होती,
दिवसाला साठ-साठ टोपली, डोक्यावर, त्याच पायऱ्यांनी.
तिनं झाडू काखेत धरला, बराच वेळ बघितलं.

"वर यायलीय व्हय ही," म्हणाली.
"मी तेच म्हणते. तळ लागेपर्यंत गाळ काढला,
साधा बांगडीचा तुकडा घावला नाही."

मग मोटर चालू केली. कागद हलला.
"भाई," ती दारातून म्हणाली,
"ह्यो खिळा बदला. गंजलाय."